टाकीचं कपाळ

रत्नागिरीत त्या काळी मोटारसायकली बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या, आणि त्या सगळ्यांचे मालक गाढव आहेत असं महिपत साळव्याचं ठाम मत होतं. स्वतःला तो अर्थातच त्या मोजणीत धरत नसे. पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी तो इराकातल्या बसऱ्याला होता. पलटणीचं टपाल मोटारसायकलवरून इकडचं तिकडे पोचवायचा. तिकडून येताना त्यानं एक लंगडणारा पाय, पेन्शनीचा कागद आणि साऱ्या मुलखाबद्दलचा तिरस्कार बरोबर आणला. पुढे एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची जुनी मोटारसायकल महिपतनं घेतली आणि झाडगावातल्या आपल्या पडवीत आणून उभी केली. तिच्यासाठी पडवीतलं भाताचं कणगं उचलून माजघरात न्यावं लागलं. बायको सगुणा तेव्हापासून कणग्याला वळसा घालून चुलीपाशी जाई, पण त्याबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

गाडी ठेवावी कशी हे मात्र महिपतला खरंच कळत होतं, हे कबूल केलं पाहिजे. दर रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून तो बसे. चेन उतरवून रॉकेलात बुडवायची, ब्रशानं घासायची, फडक्यानं कोरडी करायची आणि मग कुठे तेल. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की चेनीला कानशीसारखी खाते, असं तो म्हणे. प्लग काढून काजळी खरवडायची. सगळे नट पान्यानं चाचपून बघायचे, कारण समुद्राच्या वाऱ्यानं लोखंड सडतं आणि इथल्या रस्त्यांनी माणसाचे दातसुद्धा ढिले होतात. पेट्रोल तर तो गाळल्याशिवाय टाकीत घालतच नसे. आधी जुन्या फेट्याच्या पदरातून, मग मऊ कातड्याच्या तुकड्यातून. डब्यातलं पेट्रोल थेट टाकीत ओतणारा माणूस त्याच्या लेखी आंघोळीच्या पाण्यानं आमटी करणाऱ्यातला होता.

आता एवढं कळतं तर माणसानं ते चार लोकांना सुधेपणानं सांगावं. पण महिपतला सांगताना समोरच्याचं तोंड उतरलेलं बघितल्याशिवाय समाधान होत नसे. गाडी बिघडलेला माणूस अंगणात आला की तो आधी गाडीकडे बघायचाच नाही, मालकाकडे बघायचा. वहाणांपासून टोपीपर्यंत. मग नाकातून एक आवाज काढायचा.

त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे रामभाऊ खोत. बापानं कलमांच्या बागा ठेवल्या होत्या आणि रामभाऊंनी त्यांच्या जोरावर मोटारसायकल घेतली होती. ती चालवताना ते डोळे मिटतात अशी गावात बोलवा होती. एकदा ते गाडी ढकलत आले. चेनीवर पिवळट काहीतरी थापलेलं आणि त्यात रस्त्याची सगळी धूळ घट्ट बसलेली.

"रामभाऊ, ह्ये काय लावलंत?"

"मुठेल." कोकमाच्या बियांच्या तेलाचा हा घट्ट गोळा आपल्याकडे घरोघर असतो. रामभाऊ अभिमानानं म्हणाले, "घरचं आहे. पायाच्या भेगांना लावलं की कसं, दोन दिवसांत पाय लोण्यासारखा."

"मंग चेनीला भेगा पडल्यात काय?"

बघायला जमलेली माणसं हसली. महिपत हसला नाही. तो कधीच हसायचा नाही, त्यामुळे त्याचा शब्द जास्त लागे.

दुसऱ्या खेपेला रामभाऊंची गाडी मैलभर चालायची, मरायची, थोड्या वेळानं पुन्हा चालायची. महिपतनं टाकीचं झाकण बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक असतं. त्यातून पेट्रोलाचा थेंब उडून धोतराला डाग पडतो म्हणून रामभाऊंनी ते लाख वितळवून बुजवलं होतं.

"अवो, टाकीला नाक असतं, नाक!" महिपत असा ओरडला की शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. "पेट्रोल खाली उतरायचं तर वरनं वारा आत जाया नको? तुमचं नाक आनि तोंड दोनी बांदतो. बगू किती येळ उभे ऱ्हाताय ते! गाडी बंद पडली तर बगायचं काय? पेट्रोल येतंय काय, ठिनगी पडतेय काय, वारा मिळतोय काय. तीन गोष्टी! बैलालासुदा शिकवल्या तर येतील."

सगुणा चहाचे पेले घेऊन पडवीच्या पायरीवर उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. महिपतनं तिच्याकडे पाहिलंही नाही. बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं तो म्हणायचासुद्धा नाही. ते त्याला सांगण्याच्याही लायकीचं वाटत नसे.

तिच्याशी त्याचं बोलणं बहुतेक खंडेनवमीला होई. आपल्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात. सगुणा पाटावर कोयता, पहार, विळा आणि त्यांच्या ओळीत नवऱ्याचे पाने आणि पक्कड मांडी. गंध, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मग दरवर्षी विचारी, "गाडीला पन टिळा लावू काय वो?"

"हात लावलास तर बग. इंग्रजानं बनवलेली गाडी हाय ती. तुज्या कुंकवावर नाय चालत, पेट्रोलवर चालते."

मग ती ताट घेऊन आत जाई.

पण त्या वर्षी श्रावणात महिपत भाट्याकडच्या उतारावर खडीवरून घसरला होता. कोपर सोलून निघालं. त्याचा दोष त्यानं रस्त्याला, लोकलबोर्डाला आणि आडव्या आलेल्या एका म्हातारीच्या बकरीला दिला. सगुणा मात्र मनातून हादरली. खंडेनवमीच्या सकाळी तो विहिरीवर आंघोळीला गेला, तेवढ्यात तिनं पूजेचं ताट गाडीपाशी आणलं. हँडलला झेंडूची माळ घातली. आणि टिळा लावायचा तर तो कपाळावर. गाडीचं कपाळ कुठलं? तिला ते लगेच दिसलं. टाकीवरचं ते गोल, पितळी, लख्ख घासलेलं झाकण. तिनं त्यावर भरपूर गंध लावलं, वर कुंकू, वर अक्षता, आणि हात जोडले. ह्या माणसाला सांभाळ, एवढंच मागितलं.

महिपत ओल्या पंच्यानं परत आला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माळ ओढून त्यानं अंगणात भिरकावली. फडकं घेतलं आणि झाकण असं खसाखसा चोळलं की पितळ चकाकलं.

"अक्कल कुठं गहान टाकलीस? हां? ह्यो काय म्हसोबा हाय शेंदूर फासायला?"

सगुणा काही बोलायच्या आत बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी, माणूस दिसला. केरू, तिचा चुलतभाऊ, जयगडजवळच्या तिच्या माहेराहून आदल्या दुपारीच निघून आलेला. आधी कुणाच्या बैलगाडीतून, मग पायी. तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, "आक्का, आयेचं काय खरं नाय. सोनूकाकी सारकी तुजं नाव घेतेय. लवकर चल."

सोनूबाई म्हणजे सगुणाची आई. सगुणा तिची एकटीच पोर. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी भेट झाली होती, तेव्हा म्हातारीनं हात धरून ठेवला होता आणि सगुणानं शिमग्याला येते म्हणून सांगितलं होतं. शिमगा होऊन गेला, जाणं झालं नाही. आता तिला एवढंच हवं होतं की आई डोळे मिटायच्या आत आपण तिच्या डोळ्यांसमोर उभं राहावं.

"दुपारची आगबोट बंदराला लागेल," केरू म्हणाला. "ती धरू. दिस बुडायच्या आत जयगडला उतरू."

महिपतनं नाकातून आवाज काढला. "आगबोट! ती येनार कदी, मानसं भरलेला पडाव तिच्यापरेंत वल्हवत जानार कदी, नि वरच्या कुळवाड्यांची बोचकी चडनार कदी. तोवर मी जाऊन, जेवून परत येतो. तू बस जा तुज्या आगबोटीत. चल गो, बस मागं."

सगुणा त्या गाडीवर आजवर कधी बसली नव्हती. बाईमाणसाचं वजन स्प्रिंगला सोसत नाही, हे त्याचं जुनं मत. आज त्यानं मागच्या कॅरिअरवर घोंगडी घडी करून बांधली आणि ती लुगडं सावरून बसली. आईला भेटायचं होतं म्हणून, नाहीतर ती त्या जागी कशाला बसते. केरू विहिरीवर पाणी पीत होता तेवढ्यात तिच्या हाती कातडं देऊन महिपतनं पेट्रोल आधीच रीतसर दोनदा गाळून टाकी काठोकाठ भरली होती. आता त्यानं झाकण घट्ट फिरवलं आणि केरूकडे एक तुच्छ नजर टाकून किक मारली. केरू बिचारा बंदराच्या वाटेला लागला.

गाव मागं पडलं न पडलं तोच इंजिननं दोन खोकले दिले आणि गाडी थांबली.

"बगितलंस? तुजं वजन."

त्यानं झाकण काढून आत डोकावून बघितलं. पेट्रोल काठोकाठ. कार्बोरेटरची नळी सोडली, धार छान पडत होती. प्लग काढून ठिणगी बघितली, निळी, टणटणीत. सगळं पुन्हा जोडलं, किक मारली आणि गाडी सुरू झाली. महिपतची मान ताठ झाली. "हात फिरावा लागतो," तो म्हणाला.

थोडं अंतर गेल्यावर पुन्हा खोकला आला आणि गाडी थांबली.

हातखंब्याच्या चढणीपर्यंत हेच चाललं. गाडी थांबली की महिपत झाकण उघडी, आत बघी, नळी सोडी, ठिणगी बघी, आणि हे करताना त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. पेट्रोल विकणारा लबाड. रस्ता बांधणारा चोर. सगुणाचं माहेर असल्या आडरानात, जिथे माणसांनी राहूच नये. आणि सकाळी सकाळी यंत्राला झेंडू घालून अपशकुन करणारी बाई तर ह्या सगळ्याच्या मुळाशी. अपशकुनावर त्याचा विश्वास नव्हता, पण दुसऱ्यानं केलेला असला तर चालत असे.

झाकण उघडताना प्रत्येक वेळी एक बारीक आवाज होत होता. सुस्स करून वारा आत ओढला जाण्याचा. रामभाऊंच्या गाडीचं दुखणं ज्यानं झाकणाकडे नजर टाकून ओळखलं, त्याला तो आवाज कुठूनही ओळखता आला असता. पण महिपत बोलत होता.

सगुणा बोलत नव्हती. दुसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरली आणि चालू लागली. महिपत गाडी सुरू करून तिला गाठी, ती बसे, गाडी थांबे, ती उतरून पुन्हा चालू लागे. निवळीपाशी एक भाताची बैलगाडी जयगडच्या अंगाला निघाली होती. गाडीवान म्हणाला, "वयनी, येता काय?" सगुणानं नवऱ्याकडे पाहिलं.

"बैलगाडीतनं जायचंय? जा. बग कोन आदी पोचतंय."

तिनं जायला हवं होतं. तिचा पाय उचललाही होता. पण भर रस्त्यात नवऱ्याला सोडून परक्याच्या गाडीत बसायचं तिच्यानं झालं नाही. गाडीवान निघाला, महिपतनं त्याला मागं टाकलं, आणि पुढच्या थांब्याला ती बैलगाडी त्यांच्या बाजूनं खडखडत पुढे गेली. गाडीवानानं सभ्यपणे दुसरीकडे तोंड केलं. महिपतनं त्याच्या बैलांना शिव्या दिल्या.

"अवो," सगुणा एकदाच म्हणाली, "आये वाट बगत आसल."

त्यावर महिपत गप्प बसला नाही, पण काय बोलला ते त्याचं त्यालाही नंतर आठवेना.

उन्हं कलली, जांभ्याचा उघडा सडा तांबूस झाला, खाडीचा वास यायला लागला. किक मारायचं त्राण उरलं नाही तशी शेवटची वाट महिपतनं गाडी ढकलतच काढली. लंगड्या पायानं, घामानं निथळत. सगुणा बरीच पुढे होती. माहेरच्या घराशी वळताना तिला आतल्या बायांचा आवाज ऐकू आला आणि ती पळायला लागली.

अंगणात केरू बसला होता. आगबोटीनं येऊन, पाय धुऊन, तो केव्हाचा तिथे होता. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "आत्ताच गेली, आक्का. दाराकडं बगत व्हती. म्या सांगितलं, गाडीवरनं येतेय, पोचलच."

सगुणानं उंबऱ्यावरच अंग टाकलं.

महिपत गाडी घेऊन फणसाखाली उभा होता. त्याच्याशी कुणी बोललं नाही आणि त्यालाही कुणाशी बोलायला शब्द नव्हता. असं त्याच्या आयुष्यात क्वचित झालं असेल. हाताला काहीतरी हवं म्हणून त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. आणि सुस्स आवाज झाला.

 त्यानं झाकण उजेडाकडे धरलं. भोकाच्या जागी भोक नव्हतं. पिवळं गंध वाळून चुन्यासारखं घट्ट बसलेलं, त्यात कुंकवाची लाली आणि तांदळाची एक कणी. टिळा तिनं लावला होता. पण टिळा वरवरचा होता, बोटानं लावलेला. भोकात तो कोंबला होता फडक्यानं, खसाखसा चोळून, आणि ते फडकं कुणाच्या हातात होतं हे महिपतला कुणी सांगायला नको होतं. दिवसभर त्यानं पेट्रोल बघितलं, ठिणगी बघितली. वारा बघायचा राहिला. बैलालाही येईल म्हणाला होता तो.

घरातून सगुणाचा आवाज येत होता. महिपतला पहिल्यांदा भीती वाटली. तिला जर कळलं की आपल्याच टिळ्यानं आईची भेट चुकली, तर ते तिच्या मनातून जन्मभर जाणार नाही. कुंपणाचा काटा मोडून त्यानं भोक मोकळं केलं आणि झाकण बसवलं. मग तो घराच्या पायरीशी गेला आणि सगळ्यांसमोर, केरू ऐकत असताना, म्हणाला, "पेट्रोलात पानी व्हतं. मी गाळलं न्हवतं. चूक माजी."

सगुणानं डोकं वर केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं.

केरूच्या तोंडून ही बातमी रत्नागिरीत कशी पोचली कोण जाणे, पण बाराव्याचं आटोपून महिपत परत येईतो ती सगळ्या गावानं चघळली होती. महिपत साळव्यानं पेट्रोल गाळलं नाही! रामभाऊ खोत तर मुद्दाम वाट वाकडी करून आले. "काय साळवी, गाडीला पाणी पाजलंत म्हणे? मुठेल लावायचं होतं की थोडं." बरोबरची माणसं खो खो हसली. ज्यांना मोटारसायकलीचं पुढचं चाक कुठलं हे ठाऊक नव्हतं तेही आता त्याला पेट्रोल गाळायचे उपाय सांगू लागले. महिपत मान हलवून ऐकून घेई. रविवारी पोतं अंथरून तो चेन घासत बसे, आणि कुणी गाडी ढकलत आला तर काय बिघडलंय ते सांगून मोकळा होई. अंगणात आता कुणी मजा बघायला जमत नसे.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. महिपत आंघोळ करून पडवीत आला तर सगुणा ताट घेऊन उभी होती. गाडीला टिळा लावू काय, असं तिनं विचारलं नाही, आणि त्यानं नको म्हटलं नाही. तिनं पुढच्या चाकाला गंध लावलं. हँडलला माळ घातली. दिव्याच्या काचेखाली कुंकू लावलं. मग तिचा हात टाकीपाशी आला आणि तिथून मागं फिरला. झाकणाकडे तिनं पाहिलंही नाही. उरलेलं कुंकू तिनं मागच्या मडगार्डाला लावलं आणि ताट उचललं.

महिपतनं ते पाहिलं. तिला ठाऊक होतं. रामभाऊंना ऐकवलेलं ते नाकाचं कीर्तन तिनंही ऐकलं होतं ना. पेट्रोल दोनदा गाळताना तर त्या सकाळी तीच कातडं धरून उभी होती. तो पायरीशी खोटं बोलला तेव्हाच तिनं ओळखलं असणार, आणि वर्षभर ती त्याच्या भाताचं ताट वाढत, तो दोष एकटीनं गिळून बसली होती. आपण केवढं मोठं काम केलं असं त्याला वाटत होतं. डोंबल केलं होतं.

"थांब गो," तो म्हणाला.

ती थांबली.

"तुज्या टिळ्यानं नाय बुजलं ते. टिळा वरच व्हता. मी रागानं चोळला, तवा आत गेला." तो खाकरला. "आनि आवाज मला पयल्याच टायमाला आयकू आला आसता. मी गप बसलो आसतो तर."

 सगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातातल्या ताटात निरांजन जळत होतं. महिपत गाडीपाशी गेला, टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि मुठीत धरलं.

"लाव आता टाकीला. हवा तेवडा लाव. पन आदी त्ये निरांजन तिकडं पायरीवर ठेव. पेट्रोल हाय ह्ये, तूप न्हाय. जळून मरशील, अक्कल नाय तुला."

तिनं निरांजन पायरीवर ठेवलं, डोळे पदराला पुसले आणि टाकीला पाचही बोटांनी गंध लावलं. तोवर महिपत झाकण मुठीत घेऊन उभा होता.